गळती

क्रमांक एकोणतीस.
नाव सांगता येत नाही, संमतीपत्रात तसं वचन दिलंय
आणि त्याखाली तिच्या आईचा अंगठा आहे,
निळा, मधोमध कोरा:
द्राक्षांच्या औषधानं रेषा गेलेल्या.

पेठ नाक्यामागची अंगणवाडी. जानेवारीतही पत्रा तापलेला.
भिंतीवर फळांचा तक्ता, आंब्याच्या जागी पाल.
बेंडकुळेबाई उसळ ढवळतात,
मी कोपऱ्यात, मांडीवर पॅड,
दर तीस सेकंदांनी एक खूण:
एकटी खेळते. शेजारी खेळते. बघत बसते.
बघत बसते.
बघत बसते.
(मीही तेच करते, पण माझ्यासाठी रकाना नाही.)

निरीक्षकानं भिंतीसारखं असावं, असं प्रशिक्षणात शिकवलेलं.
तिसऱ्या दिवशी एका पोरानं भिंतीला विचारलं,
'तुझ्या डब्यात काय?'

मग पाण्याची चाचणी.
दोन सारखे पेले, दोन्हींत सारखं पाणी.
'सारखं आहे?'
'सारखं.'
एकातलं उंच, अरुंद नळीत ओतते, तिच्यादेखत.
'आता?'
उत्तरपत्रिकेत दोनच घरं.
'उंचात जास्त' म्हणणारी मुलं अजून पोचायची आहेत,
'सारखंच' म्हणणारी पोचली.

एकोणतीस नळीकडे बघतच नाही.
रिकाम्या पेल्यात बोट घालते,
तळाशी फिरवते, माझ्यासमोर धरते.
ओलं.
'कमी झालं,' म्हणते. 'ओतलं की थोडं कमी होतंच.'

तिच्या वस्तीत नळ पहाटे साडेचारला,
चाळीस घरांत एक.
कळशीतून हंड्यात, हंड्यातून पिंपात,
आणि वाटेत सांडलेल्याचा हिशोब
लेकीच्या पाठीवर.

नियमाप्रमाणे मी प्रश्न पुन्हा विचारला.
'मघाचं चुकलं का?'
आवाज बदलायचा नाही, चेहरा बदलायचा नाही.
न बदलता म्हटलं, 'तुला काय वाटतं?'
तिनं माझं तोंड नीट वाचलं, घाईत नाही,
उंबऱ्यात उभ्या मुकादमाचं वाचावं तसं,
आणि मला चालेल असं काहीतरी दिलं:
'उंचात जास्त.'

शून्य लिहिलं.
पेन कुठेही अडलं नाही.

गंगापूर रोडच्या ऑफिसात संगणकापाशी हेमांगी.
'शेऱ्यात हे काय लिहिलंय, बोट ओलं?
याला कोड काय देऊ?'
नव्व्याण्णव दे, म्हटलं. इतर.

दिवाळीत चौसष्ट मुलं होती.
होळीला दुसऱ्या फेरीला गेले तेव्हा एकेचाळीस.
बागा उतरल्या होत्या, माणसं घाट चढून
सुरगाण्याकडे गेली होती, ताडपत्र्या गुंडाळून,
चुलीचे तीन दगड तेवढे मागे.
याला आमच्यात गळती म्हणतात.
खैरनार सरांनी अहवालात वाक्य घातलं:
'गळती यादृच्छिक असल्याचे गृहीत धरले आहे.'
एकाच आठवड्यात, मजुरी चुकती झाल्यावर,
रिकामी झालेली तेवीस घरं.
यादृच्छिक.
मी वाक्यातला एक स्वल्पविराम दुरुस्त करून दिला.

त्या रात्री ओट्यावर
चाचणीचाच संच काढला. मोजून दोनशे मिली.
पेल्यातून नळीत, नळीतून पेल्यात,
पाच वेळा, थेंब न सांडता, श्वास धरून.
एकशे शहाण्णव.
नवरा पाणी प्यायला आला, म्हणाला,
'झोप आता. तुझं कोण तपासणार आहे?'

बेंडकुळेबाईंना फोन केला, कधी येतील ती माणसं?
'दिवाळीनंतर. आली तर याच नाक्यावर येतील.
पोरगी आठवते ना, पाणी कमी झालं म्हणणारी?'
त्यांनी तिचं नाव घेतलं, पूर्ण, बापाच्या नावासकट.
मी पॅडवर हिशोब मांडला:
तेव्हा सहा वर्षं दोन महिने.
आमचा वयोगट पाच ते सहा.